भोंग्याच्या नेमप्लेटवरून कंपनीची कुंडली

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला असलेल्या मुलाला जुन्या शेडच्या स्लॅबवर एक गंजका भोंगा सापडलाय, नेमप्लेटवर "फेडरल साइन अँड सिग्नल कॉर्पोरेशन, ब्लू आयलंड, इलिनॉय" एवढंच वाचता येतंय, मॉडेल नंबर घासून गेलाय. त्याला हवंय की ही कंपनी कोणती आणि अजून आहे का, भोंगा किती जुना असेल, आणि २०२५ च्या मे मधल्या मॉक ड्रिलपासून मॅनेजमेंट सायरन सायरन करत मागे लागलीय तर हाच चालू करावा की नवीन इलेक्ट्रॉनिक घ्यावा.

मी सत्तावीस वर्षं भोंगे बसवतोय आणि त्याहून जास्त वेळा दुसऱ्याने बसवलेले दुरुस्त करतोय, सुरुवात नाना पेठेत एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात झाली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे तुमची नेमप्लेट अर्धी वाचता आली तरी पुरेशी आहे, कारण या कंपनीने नाव बदललंय आणि नावावरूनच वय कळतं. सुरुवातीला ती "फेडरल इलेक्ट्रिक कंपनी" होती, १९५५ पासून १९७५ च्या सुमारापर्यंत "फेडरल साइन अँड सिग्नल", आणि त्यानंतर आजतागायत नुसती "फेडरल सिग्नल". म्हणजे तुमचा भोंगा त्या मधल्या वीस वर्षांतला, कमीत कमी पन्नास वर्षांचा. फॉरेन कोलॅबरेशनच्या काळात मशिनरीबरोबर पेटीत आला असणार असा माझा अंदाज, कारण आपल्याकडे असे भोंगे कोणी मुद्दाम मागवत नव्हतं.

आता त्या नावात "साइन" म्हणजे पाटी का आहे, हीच खरी गंमत. १९०१ साली शिकागोत गिलख्रिस्ट नावाचे दोन भाऊ आणि गोएस्ट नावाचा तिसरा पार्टनर यांनी कंपनी काढली ती दुकानांच्या पाट्या बनवायला, विजेचे बल्ब लावलेल्या पाट्या. भोंग्याचा काही संबंधच नाही. तेव्हा वीज नवीन, दुकानदाराला पाटी लखलखीत हवी आणि वीज कंपनीला गिऱ्हाईक हवं, म्हणजे पाटी विकली की मीटर फिरतोच. म्हणूनच पुढे ही कंपनी सॅम्युअल इन्सल याच्या पंखाखाली गेली. हा इन्सल मूळचा इंग्रज, एडिसनचा सेक्रेटरी म्हणून अमेरिकेत आला आणि शिकागोतल्या कॉमनवेल्थ एडिसनचा सर्वेसर्वा झाला, १९३२ मध्ये त्याचा सगळा पत्त्यांचा बंगला कोसळला, ते वेगळंच महाभारत आहे.

१९१५ मध्ये यांनी मोटरवर चालणारे सायरन बनवायला घेतले. मला विचाराल तर पाटीवाल्याने भोंगा बनवणं हे ऐकायला विचित्र वाटतं पण कारखान्यात उभं राहून बघितलं तर अजिबात नाही, पत्र्याचं काम, छोटी मोटर, उंचावर बसवायची वस्तू, ऊन पावसात टिकायला हवी, आणि गिऱ्हाईक म्हणजे नगरपालिका, फायर ब्रिगेड, कारखाना. पाटीचा आणि भोंग्याचा फॅब्रिकेटर एकच असू शकतो, आजही आपल्याकडे तसाच माणूस सापडेल. त्यांचा फायर इंजिनवरचा क्यू सायरन अमेरिकेत इतका प्रसिद्ध आहे की क्यू-टू-बी नावाने तो अजून बनतो. इलेक्ट्रॉनिक सायरन येऊन जमाना झाला तरी जुने फायरमन तो सोडत नाहीत, बुलेटवाल्यांसारखं आहे ते.

पण रस्त्यावरचे, खांबावरचे मोठे भोंगे खपले ते भीतीमुळे. दुसरं महायुद्ध, मग रशियाचा अणुबॉम्ब, १९५० नंतर अमेरिकन सरकारने सिव्हिल डिफेन्ससाठी गावांना निम्मे पैसे द्यायला सुरुवात केली आणि प्रत्येक टाउनला भोंगा हवा झाला. त्या काळात फेडरलने थंडरबोल्ट काढला. त्यात वेगळा रूट्स ब्लोअर, म्हणजे हवेचा पंप, हवा दाबून पाइपातून वर पाठवतो, वर हवा कापणारा रोटर आणि गोल फिरणारं मोठं कर्ण्यासारखं तोंड. बाकीचे भोंगे स्वतःच हवा ओढतात, याला हवा ढकलून दिली जाते, फरक तिथेच पडतो.

त्याच वर्षांत क्रायस्लर, हो गाड्यांवालीच, हिने पण भोंगा काढला होता. १९५२ चं मॉडेल, १८० हॉर्सपॉवरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, १०० फुटांवर १३८ डेसिबल. मोटर नाही, इंजिन! जगातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा भोंगा म्हणून त्याच्या गोष्टी अजून सांगतात. पण १९५७ पर्यंत क्रायस्लरने धंदा गुंडाळला. त्या इंजिनाला पेट्रोल, बॅटरी, ट्यूनिंग सगळं लागणार, आणि वापर काय तर महिन्यातून एकदा टेस्ट. ज्याने घरात जनरेटर ठेवलाय आणि लाइट जातच नाहीत म्हणून चालवला नाही त्याला कळेल ऐन वेळी काय होतं ते.

इथेच मला जे सांगायचंय ते येतं. भोंग्याचा धंदा हा संकटावर चालणारा धंदा आहे, संकट आलं की दोन वर्षं ऑर्डरी धो धो आणि मग दहा वर्षं कुत्रं विचारत नाही. भोंगा लवकर मरत पण नाही, तुमचाच बघा, पन्नास वर्षं वर पडून आहे आणि तुम्ही तो चालू करायचं म्हणताय, मग कंपनीने दुसरा विकायचा कोणाला. म्हणून जी कंपनी फक्त भोंग्यावर जगली ती बुडाली किंवा विकली गेली, आणि जी टिकली ती दुसऱ्याच कशावर तरी पोट भरत होती. मिलवॉकीची बिअरझाक अँड नीडरमायर, ही मुळात पत्र्याचं काम करणारी, त्यांचे सायरन पुढे अलर्टिंग कम्युनिकेटर्स ऑफ अमेरिका या नावाने आणि मग अमेरिकन सिग्नल या नावाने आले, माल साधारण तोच, पाटी तिसरी. कनेटिकटची व्हेलन १९५२ ला सुरू झाली ती विमानावरचे लुकलुकणारे दिवे बनवायला, इलेक्ट्रॉनिक सायरन नंतर आले. स्वीडनच्या कॉकम्सचं मूळ तर गोदी, त्यांच्या हवेच्या दाबावरच्या भोंग्याला स्टॉकहोमचे लोक "हेसा फ्रेडरिक" म्हणजे घोगऱ्या आवाजाचा फ्रेडरिक म्हणतात, कारण त्या आवाजाबद्दल पेपरात लिहिणाऱ्या पत्रकाराचं नाव फ्रेडरिक आणि त्याचा स्वतःचा घसा बसलेला. पुण्यात असता तर लोकांनी यापेक्षा बरं नाव ठेवलं असतं, पण ठीक आहे.

संकटाची यादीच बघा. ३ एप्रिल १९७४, ओहायोतल्या झीनिया गावावर चक्रीवादळ म्हणजे टोर्नेडो आला, गावात भोंगाच नव्हता, नंतर बसवले. २८ मार्च १९७९, थ्री माइल आयलंडचा अणुभट्टीचा अपघात, त्यानंतर नियम आला की भट्टीच्या भोवती १० मैलांत लोकांना १५ मिनिटांत इशारा देता आला पाहिजे, आणि सगळ्या सायरन कंपन्यांची दिवाळी झाली. हे वाईट वाटतं बोलायला पण ऑर्डर बुक असंच चालतं.

आपल्याकडेही तेच. १९८४ च्या २-३ डिसेंबरच्या रात्री भोपाळला युनियन कार्बाइडमध्ये बाहेरच्या वस्तीला ऐकू जाणारा सायरन थोडा वेळ वाजवून बंद केला होता, आत कामगारांचा अलार्म चालू, बाहेर झोपलेल्यांना पत्ता नाही. लोक घाबरून गेटवर येऊ नयेत म्हणून आतला अलार्म आणि बाहेरचा भोंगा दोन वर्षं आधीच एकमेकांपासून तोडला होता. मी नवीन माणसाला ट्रेनिंग देताना ही एकच गोष्ट सांगतो कारण पॅनलवर ते नुसतं एक सिलेक्टर स्विच असतं, हाताच्या बोटाएवढं. त्यानंतर १९८७ ला फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये बदल, १९८९ चे धोकादायक रसायनांचे नियम, ऑनसाइट ऑफसाइट इमर्जन्सी प्लॅन म्हणजे कारखान्याच्या आत आणि बाहेर संकटात कोणी काय करायचं याचा आराखडा, आणि मग चिंचवडपासून कुरकुंभपर्यंत सगळ्यांना भोंगा हवा झाला. माझं घर त्या कायद्यावर चाललंय असं म्हटलं तरी चालेल.

तर फेडरल टिकली कशी. त्यांनी पाट्या सोडल्या नाहीत, पोलिस गाड्यांवरचे दिवे घेतले, १९६१ ला शेअर बाजारात उतरले, १९६९ ला न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर. नंतर कंपन्या विकत घ्यायचा सपाटा. १९७९ मध्ये ई-वन ही फायर इंजिन बनवणारी, १९८२ मध्ये एल्जिन ही रस्ता झाडायच्या गाड्यांवाली, शिवाय ड्रेनेज ओढणारे व्हॅक्टरचे ट्रक, १९९५ मध्ये फिनलंडची ब्रॉन्टो स्कायलिफ्ट, जी आपल्या फायर ब्रिगेडवाल्यांना उंच शिडीमुळे माहीत असेल. मग विकायचा पण सपाटा, २००३ मध्ये चक्क पाट्यांचाच धंदा विकला ज्याच्यावर कंपनी जन्मली, २००८ मध्ये ई-वन, २०१६ मध्ये ब्रॉन्टो जपानच्या मोरिताला. आज त्यांचा बहुतेक पैसा झाडू मारणाऱ्या आणि गटार साफ करणाऱ्या गाड्यांतून येतो आणि भोंगे हा छोटा भाग. ब्लू आयलंडचा कारखाना पण राहिला नाही, भोंगे तिथून जवळच युनिव्हर्सिटी पार्कमध्ये बनतात. फायरमन लोकांनी सायरनमुळे कान गेले म्हणून हजारोंच्या संख्येने केसेस टाकल्या, त्यातूनही कंपनी निघाली. निव्वळ सायरनवाली असती तर तिथेच संपली असती असं माझं मत.

म्हणजे कंपनी आहे, पण म्हणून तुमच्या भोंग्याचा स्पेअर मिळेल असं समजू नका. आणि खरं सांगू का, लागणारही नाही. याच्यात असतं काय? एक मोटर, तिच्याच शाफ्टवर अ‍ॅल्युमिनियमचा रोटर, त्याच्या बाहेर खिडक्या असलेला स्टेटर, म्हणजे न फिरणारा भाग. बेअरिंग लक्ष्मी रोडला नाही पण नाना पेठेत अर्ध्या तासात मिळेल, वाइंडिंग आपला माणूस करेल.

आता लक्ष देऊन वाचा. वर चढायच्या आधी आयसोलेटर, म्हणजे वीज तोडणारा मेन स्विच, बंद करून कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात. मग जाळी काढून रोटरच्या खिडक्या मोजा. एकाच मापाच्या असतील तर सिंगल टोन. वरच्या आणि खालच्या बाजूला वेगवेगळ्या, बहुतेक १० आणि १२ निघतील, तर डबल टोन. आवाजाची पट्टी म्हणजे खिडक्या गुणिले एका सेकंदातले फेरे, एवढंच गणित. अमेरिकेत ६० हर्ट्झवर मोटर मिनिटाला ३४५० फेऱ्यांनी फिरते, म्हणजे सेकंदाला साडेसत्तावन्न, म्हणून १० खिडक्यांचा सूर ५७५ हर्ट्झ आणि १२ चा ६९०. हे प्रमाण ५ ला ६, म्हणजे गाण्यातल्या भाषेत षड्ज आणि कोमल गंधार, म्हणून तो आवाज ऐकल्यावर पोटात गोळा येतो, सवाई गंधर्व महोत्सवाला जाणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे ५० हर्ट्झवर तीच मोटर २८७५ ने फिरणार, मग सूर ४७९ आणि ५७५. म्हणजे तिकडचा सा तो इकडचा कोमल गंधार झाला. भोंगा खाली उतरून गातो, बिघडलेला नसतो, एकदा एका साहेबांनी याच कारणासाठी मला तीन वेळा मोटर खोलायला लावली होती.

मोटरचं म्हणाल तर प्लेटवर ४६० व्होल्ट ६० हर्ट्झ थ्री फेज असेल तर ५० हर्ट्झला तिला ३८३ व्होल्ट पुरतात, तुम्ही ४१५ देणार, म्हणजे लोखंड जरा जास्त तापेल. पण वेग कमी झाल्याने लोड साधारण ५८ टक्क्यांवर येतो, तीन मिनिटांच्या वाजवण्याला चालून जातं. नो-लोडला करंट बघून घ्या, मेगर म्हणजे वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर मारून घ्या, एक मेगओहमच्या खाली आलं तर वाइंडिंग भट्टीत सुकवा, थेट लाइन देऊ नका. सिंगल फेज निघाली तर वेगळा विषय, सेंट्रिफ्युगल स्विच, म्हणजे मोटरने वेग घेतला की स्टार्टिंग वाइंडिंग तोडणारा, हमखास चिकटलेला असतो.

मोटर शाबूत असली तरी भोंगा वाजत नाही याचं मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण कबूतर. चाकणच्या एका कंपनीत, नाव नको, मॉक ड्रिलला कलेक्टर ऑफिसची माणसं खाली उभी, सेफ्टी ऑफिसरने मोठ्या थाटात बटण दाबलं, वरून नुसतं "हूं..." आणि दहा सेकंदांत ओव्हरलोड ट्रिप. मी वर गेलो तर रोटर आणि स्टेटरच्या मधल्या फटीत काड्या, पिसं, आणि एक अंडं. ती फट जेमतेम एक दोन मिलिमीटर असते, कमी असली म्हणूनच आवाज येतो, त्यात एक काडी अडकली तरी मोटर सुटत नाही. अंडं मी बाजूला ठेवलं, कबुतरीण दोन तास माझ्याकडे बघत होती. तेव्हापासून बारीक जाळी लावल्याशिवाय मी बिल देत नाही. आणि पावसाळ्याच्या आधी महिन्यातून एकदा पाच सेकंद तरी फिरवा, पुण्याच्या पावसात बेअरिंग जाम व्हायला एक श्रावण पुरतो.

चढउतार वाजवायचा असेल, म्हणजे हवाई हल्ल्याचा इशारा, तर कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा तोडणारा स्विच, चालू बंद करून मोटरचा वेग वर खाली करतात. प्रत्येक वेळी मोटर पाच सहा पट स्टार्टिंग करंट खाते, जुनी वाइंडिंग तिथेच जळते, म्हणून टायमरची सेटिंग हलक्या हाताने करा. सिव्हिल डिफेन्समध्ये चढउतार म्हणजे धोका आणि एकसारखा लांब आवाज म्हणजे ऑल क्लिअर, तुमच्या ऑनसाइट प्लॅनमध्ये उलटं लिहिलेलं असू शकतं, ते आधी बघा, नाहीतर आग लागल्यावर लोक सुटका झाली म्हणून आत येतील.

नवीन इलेक्ट्रॉनिक घ्यावा का? बोलता येतं, हा त्याचा मोठा फायदा, "गॅस लीक आहे, वाऱ्याच्या उलट दिशेने जा" असं मराठीत सांगता येतं, बॅटरीवर चालतो, आवाज न करता टेस्ट होते. पण त्याच्या आत अ‍ॅम्प्लिफायर कार्ड आहे आणि कार्डाचं आयुष्य भोंग्यासारखं नसतं. दहा बारा वर्षांनी ते कार्ड बंद होतं आणि वेंडर म्हणतो सर पूर्ण सिस्टिम बदला. म्हणून मी कंपनीचा इतिहास विचारणाऱ्याला कधी हसत नाही, उलट तोच पहिला प्रश्न पाहिजे: ही कंपनी भोंगा सोडून अजून काय विकते आणि वीस वर्षांनी हिचा फोन कोणी उचलणार का.

रेडिओवर चालणारा घेतलात तर कोड काय आहे ते विचारा. डॅलस शहरात एप्रिल २०१७ मध्ये रात्री पावणेबाराच्या सुमाराला १५६ भोंगे एकदम सुरू झाले, कोणीतरी रेडिओवरून सिग्नल दिला होता, अख्खं शहर जागं.

ब्रोशरमधल्या डेसिबलला तर अजिबात भुलू नका. १२० डेसिबल किती अंतरावर ते विचारा, अमेरिकन लोक १०० फुटांवर म्हणजे ३० मीटरवर मोजतात आणि आपल्याकडे काही जण एक मीटरवर, दोन्हीत ३० डेसिबलचा फरक पडतो. ३० मीटरवर खरोखर १२० असला तरी मोकळ्या हवेत कागदावर अंतर दुप्पट झालं की ६ कमी होतात, त्या हिशोबाने ७० डेसिबल जवळजवळ १० किलोमीटरपर्यंत जातील. प्रत्यक्षात इमारती, झाडं, वारा धरून दुप्पट अंतराला १० कमी धरायचा हिशोब तिकडच्या सरकारी गाइडमध्येच आहे, मग तेच ७० डेसिबल एक किलोमीटरच्या आतच संपतात. भोसरीत नाशिक हायवेचा आवाज वेगळाच. सांगलीच्या मोहित्यांचे वडगावात रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि अख्खं गाव दीड तास टीव्ही मोबाइल बंद करतं, तिथे एक भोंगा पुरतो, कारण गाव शांत आहे आणि सगळ्यांना माहीत आहे तो कशासाठी वाजतो.

तर माझं उत्तर, हा जुना बाहेरच्या इशाऱ्यासाठी ठेवा, डोळे झाकून, दहा पंधरा हजारात उभा राहील, आणि आत शॉपमध्ये बोलणारे छोटे इलेक्ट्रॉनिक लावा. नेमप्लेट घासू नका, लाकडी काडीने साफ करून फोटो काढा, व्होल्टेज आणि फेजच्या ओळी वाचता आल्या तर पाठवा, खिडक्यांची संख्या पण. आणि पहिल्यांदा चालू कराल तेव्हा कानावर मफ लावा, रविवारी सकाळी दहाच्या आत अजिबात नको, शेजारच्या कंपन्यांना आणि पोलिस चौकीला एक दिवस आधी पत्र द्या, मागच्या वस्तीतल्या शाळेत तर स्वतः जाऊन सांगा.